रक्तदाबाची गोळी, उपाशी हृदय आणि ओली फुप्फुसे

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या इमारतीत एका आजोबांनी विसराळूपणामुळे ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या आठवडाभराच्या गोळ्या एकाच सकाळी घेतल्या. शेजारी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या तयारीत होते. सुनेने ते करू दिले नाही, हे फार बरे झाले. अशा पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते आणि उलटी श्वासनलिकेत उतरू शकते. आजोबा दुपारपर्यंत ठीक दिसत होते, कारण या औषधाची रक्तातील पातळी सहा ते बारा तासांनी शिगेला पोहोचते.

स्नायू आकसण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावे लागते. हृदयाच्या ठोक्याला ते लागते, हे ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांनी 1883 मध्ये लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवले. ॲम्लोडिपिन पेशींवरील कॅल्शियमची दारे अडवते. नेहमीच्या 5-10 मिलिग्रॅममध्ये हा परिणाम मुख्यतः रक्तवाहिन्यांवर होऊन त्या सैलावतात, अतिमात्रेत मात्र हृदयाचे आकुंचनही मंदावू शकते. मला खरी गंमत वाटते ती पुढे. तशीच दारे स्वादुपिंडातील बीटा पेशींवर असतात आणि ती अडली की इन्सुलिन पाझरत नाही, त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर चढते. एरवी मुख्यतः मेदाम्लांवर चालणारे हृदय संकटात ग्लुकोजकडे वळते, पण इन्सुलिनवाचून ते पेशीत पुरेसे शिरत नाही. म्हणजे रक्तात साखरेचा पूर आणि हृदय उपाशी. म्हणूनच गंभीर रुग्णाला तासाला दर किलो वजनामागे 1 युनिट किंवा त्याहून जास्त इन्सुलिन देतात, जे मधुमेही कीटोॲसिडोसिसमधील (इन्सुलिनच्या कमतरतेने रक्त आम्लधर्मी होण्याच्या गंभीर अवस्थेतील) नेहमीच्या मात्रेच्या दहापट आहे. सोबत ग्लुकोज चालू ठेवून साखर आणि पोटॅशियम वारंवार तपासावे लागते.

फुप्फुसांचे दुखणे वेगळे आहे. केशवाहिन्यांच्या अलीकडच्या लहान धमन्या जास्त सैलावल्या की दाब थेट त्या नाजूक जाळ्यावर येतो, द्रव वायुकोशांत झिरपतो आणि माणूस बसल्या जागी धापा टाकू लागतो. पडलेला रक्तदाब सलाइन मागतो, तर फुप्फुसांना तेच सलाइन बुडवते. त्यामुळे डॉक्टर ते बेताने देऊन रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधांवर भर देतात.

दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागाबाहेर नातवाने विचारले, ‘गोळ्या तर काल घेतल्या, मग अजून मशीन कशाला?’ ॲम्लोडिपिन रक्तात निम्मे व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, आणि अतिमात्रेत त्याहूनही जास्त.