वाहता कान आणि तोलाची तपासणी : पार्श्वभूमी

कान फुटला की रुग्णाला आणि घरच्यांना काळजी वाटते ती ऐकू येण्याची. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणाही त्याच कानात, मध्यकर्णाच्या भिंतीपलीकडे काही मिलिमीटरवर आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक तोलाच्या तपासणीचा उगम वाहत्या कानांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यांतच झाला. पुढे ती जसजशी प्रमाणित होत गेली, तसतसे नेमके हेच रुग्ण तिच्या कक्षेबाहेर राहिले.

फ्रान्समध्ये फ्लूराँस यांनी १८२० च्या दशकात कबुतरांच्या कानांतील, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांना इजा करून त्यांच्या हालचाली कशा बिघडतात हे पाहिले होते. तरीही चक्कर हा मेंदूतील रक्तसंचयाचा प्रकार आहे, ही समजूत टिकून होती. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी तिचे मूळ आंतरकर्णात असू शकते, असे मांडले.

तपासणीला खरा आकार आला तो व्हिएन्नात, पोलित्झर यांच्या कर्णविभागात. तेथे रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत आणि काही जणांना त्या वेळी चक्कर येई. पाणी थंड असले की चक्कर येते, असे एका रुग्णाने सांगितल्यावर त्यांनी पाणी तापवायला सांगितले. ते जास्तच गरम आले, पुन्हा चक्कर आली, पण या वेळी डोळ्यांचे झटके उलट दिशेने होत होते. या निरीक्षणातून १९०६ च्या सुमारास उष्मीय चाचणी, म्हणजे कानात थंड किंवा गरम पाणी घालून डोळ्यांचे झटके पाहण्याची पद्धत, उभी राहिली. १९१४ सालच्या नोबेल पारितोषिकाची वार्ता बारानींना रशियातील युद्धकैद्यांच्या छावणीत मिळाली.

या चाचणीचे त्या काळातील महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. प्रतिजैविके नव्हती, मध्यकर्णातील पू आंतरकर्णात शिरला तर पुढे मेंदूज्वर आणि मृत्यू ओढवण्याचा धोका असे. आंतरकर्ण अजून जिवंत आहे की निकामी झाला, हे ठरवल्याशिवाय शस्त्रक्रिया किती खोलवर न्यायची याचा निर्णय होत नसे. त्याच्या जोडीला नळीच्या चाचणीचा (फिस्टुला टेस्ट) उपयोग होई. कानात हवेचा दाब दिला आणि डोळे हलले, तर कोलेस्टिटोमाने, म्हणजे मध्यकर्णात साठत जाणाऱ्या त्वचेच्या गाठीने, हाड कुरतडून आंतरकर्णापर्यंत, बहुधा आडव्या नलिकेपर्यंत, वाट केली आहे असा संशय घेत. डोळे हलले नाहीत म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण आंतरकर्ण मृत असला किंवा कोलेस्टिटोमानेच ते छिद्र बुजवले असले, तरी चाचणी नकारात्मक येते.

१९४२ मध्ये लंडनच्या फिट्झजेराल्ड आणि हॉलपाइक यांनी ३० आणि ४४ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश कमी व सात अंश जास्त, असे पाण्याचे तापमान ठरवून दिले. दोन्ही कानांच्या प्रतिसादांची तुलना त्यामुळे शक्य झाली. पण ही तुलना कानांचे दोन्ही पडदे शाबूत आहेत, हे गृहीत धरते. पडद्याला भोक असताना पाणी घालणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण. हवा वापरावी, तर ओल्या मध्यकर्णात गरम हवेनेही बाष्पीभवन होऊन थंडावा निर्माण होतो आणि झटके उलट दिशेला जातात. कानामागचे मॅस्टॉइड हाड संसर्गाने घट्ट झालेले असो वा शस्त्रक्रियेने पोकळ झालेले असो, उष्णता आत पोहोचण्याचे प्रमाण बदलते. मग दोन कानांतील फरक आंतरकर्णाचा की हाडाचा, हे सांगणे अवघड होते. जुन्या मध्यकर्णशोथाच्या (मध्यकर्णाच्या दाहाच्या) रुग्णांच्या उष्मीय नोंदी वाचताना हे विसरले तर निष्कर्ष फसतो.

उष्णतेवर अवलंबून नसलेल्या चाचण्या पुढे आल्या. १९८८ मध्ये सिडनीच्या हाल्माजी आणि कर्थॉयस यांनी डोके झटकन वळवून नजर लक्ष्यावर टिकते का हे पाहण्याची पद्धत मांडली. आता हीच चाचणी कॅमेरा बसवलेल्या चष्म्याने करतात आणि पडदा फाटलेला असला तरी तिला बाध येत नाही. आवाजाने मानेच्या स्नायूत उमटणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी १९९० च्या दशकात आली. मध्यकर्ण बिघडलेला असेल तर हवेतून दिलेला आवाज आत पुरेसा पोहोचत नाही आणि प्रतिसाद नाहीसा होतो, म्हणून अशा रुग्णांत कंपन हाडातून द्यावे लागते.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात कान वाहण्याचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत भारताचा समावेश होता. जुन्या पुवातील विषद्रव्ये मध्यकर्ण आणि आंतरकर्ण यांच्यामधील गोल खिडकीच्या पातळ पडद्यातून आत झिरपू शकतात, आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके कानात घालायच्या थेंबांतून तोल सांभाळणाऱ्या पेशींना अपाय करू शकतात. अशी हानी हळूहळू झाली तर मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि रुग्ण भोवळीची तक्रार करीतच नाही. फार तर अंधारात किंवा खडबडीत रस्त्यावर पाय अडखळतो, एवढेच सांगतो. त्यामुळे चक्कर येते का, एवढा एकच प्रश्न विचारून तोलाची तपासणी वगळणे माझ्या मते अपुरे आहे.