पोटात पाणी, सीए-१२५ वाढलेलं: अंडाशयाचा कर्करोग की टीबी?

पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईचं पोट फुगतं, भूक मरते, वजन उतरतं. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयापाशी गाठ दिसते. सीए-१२५ या रक्तात मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाची पातळी ३५ च्या आत हवी, ती येते ५००. या वयात कर्करोगाची शंका आधी घ्यायलाच हवी. पण जननेंद्रियांचा आणि पोटाच्या आवरणाचा टीबीही हुबेहूब असाच दिसतो.

सीए-१२५ फक्त कर्करोगाच्या पेशी बनवत नाहीत. पोटाच्या आवरणाला सूज आली की तेही ते सोडतं, म्हणून टीबीतही आकडा शेकड्यांत जातो. पेट स्कॅन (जास्त साखर वापरणाऱ्या पेशींच्या जागा दाखवणारी तपासणी) दोन्हींत उजळतो. सीटीत आवरण एकसारखं, गुळगुळीत जाड झालेलं असेल आणि लसीकाग्रंथी मधून मऊ पडलेल्या असतील, तर कल टीबीकडे; आवरणावर ओबडधोबड गाठी असतील तर कर्करोगाकडे. हा नुसता कल, निदान नव्हे.

पोटातल्या पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए हे एन्झाइम साधारण ४० च्या वर असेल, तर टीबीची शक्यता वाढते. कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर प्रश्न मिटला. न सापडल्या तर मात्र कर्करोग नाही असं म्हणता येत नाही. टीबीचंही तसंच: पाण्यात जंतू इतके कमी असतात की सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) बऱ्याचदा निगेटिव्ह येते.

म्हणून आवरणाचा किंवा गाठीचा तुकडा काढून तपासायलाच हवा. दुर्बिणीतून आवरणावर बाजरीएवढे पांढरे दाणे दिसले तरी डोळ्यांवर भरवसा नको, कर्करोगाचे दाणेही तसेच दिसू शकतात. टेबलावरच फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, करून घ्यावं. त्यात ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे दाहपेशींचे पुंजके) दिसले आणि कर्करोगाच्या पेशी नसल्या, तर गर्भाशय-अंडाशय काढण्याची घाई करू नये. आतडी चिकटलेली असतात, ती सोडवताना फाटू शकतात.

नेहमीची चूक इथेच होते: सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकला जातो. फॉर्मलिन जंतू मारतं, मग कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) उगवत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही. तुकड्याचे दोन भाग करा. एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरला. कल्चरला सहा आठवडेही लागतात.

पाळी गेल्यावर रक्त गेलं, गर्भाशयात पू साठला किंवा गर्भाशयमुखावर हात लावताच रक्त येणारी वाढ दिसली, तरी नियम हाच: तुकडा काढायचा आणि त्याचे दोन भाग करून तपासायचे.

टीबी ठरला तर साधारणपणे सहा महिने औषधं: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सीए-१२५ आणि पाणी उतरायला लागतं. दोन महिन्यांत उतरलं नाही, तर औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, की सोबत कर्करोगही आहे, हे पुन्हा तपासावं. तुकडा न घेता ‘टीबीच्या गोळ्या देऊन बघू’ म्हणणं घातक, कारण तेवढ्या महिन्यांत कर्करोग पुढे सरकतो.