नायगारा झाला, आता पुढे काय? आमच्या छोट्या गावांच्या रोडट्रिपबद्दल थोडं

नमस्कार मंडळी,

आम्हाला येणारे निम्मे फोन असेच सुरू होतात, "आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, नायगारा झाला, न्यूयॉर्क-वॉशिंग्टन झालं, डिझ्नीत बाबांचे गुडघे गेले, आता काय दाखवू?" आणि आम्ही "कॅन्ससमधला सुतळीचा गोळा" म्हटलं की पलीकडे एकदम शांतता. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे पत्रक. वाचून झालं की आई-बाबांनाही द्या.

आम्ही शिकागोहून निघून परत शिकागोला येणारी ११ दिवसांची ट्रिप आखून देतो, अशाच अचाट गोष्टी असलेली सहा छोटी गावं, केसी, लूकस, कॉकर सिटी, अलायन्स, वॉल आणि मिचेल, आणि मोटेलं बुक करतो. गाडी तुमची, चालवायचं तुम्हीच, अडलात तर फोनवर आम्ही आहोतच.

सगळे विचारतात तो प्रश्न आधी घेऊ. "११ दिवसात एवढीच गावं?" हो, एवढीच. आमच्या स्वतःच्या पहिल्या ट्रिपला आम्ही एका दिवसात ६०० मैल कोंबले होते, उतरा-फोटो-बसा, उतरा-फोटो-बसा, आणि रात्री नऊला एका गावात पोचलो तर जेवायला म्हणून जे काही होतं ते दोन वाजताच बंद झालेलं, मग पेट्रोल पंपावरचे चिप्स. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, केसीतली खुर्ची मोठी होती, बाकी काही आठवत नाही. तेव्हापासून रोजचे सरासरी २०० मैल, त्याच्यावर फार नाही.

आणि ही गावं घाईने बघून कळतही नाहीत. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत इंटरस्टेट हायवेचं जाळं झालं आणि जी गाडी आधी गावाच्या मेन रोडवरून जायची, चहाकॉफीला थांबायची, ती बाहेरून ७० च्या स्पीडने निघून जायला लागली. आपल्याकडे बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या वडापाववाल्याचं जे होतं तेच. मग गाडी परत गावात वळवायची तर लोकांना काहीतरी कारण द्यायला पाहिजे ना! इलिनॉयमधलं केसी (स्थानिक लोक 'केझी' म्हणतात) हे त्याचं अगदी ठरवून केलेलं उदाहरण. वस्ती अडीच हजारांच्या आत. तिथल्या एका व्यावसायिकाने २०११ मध्ये जगातलं सगळ्यात मोठं विंडचाइम (वाऱ्यावर वाजणाऱ्या टांगत्या नळ्या) उभं केलं आणि मग थांबलाच नाही, साडेछप्पन्न फुटी झुलती खुर्ची, स्वेटर विणायच्या सुया, गोल्फचा टी (चेंडू ठेवायची खुंटी), पत्रपेटी. पत्रपेटीत जिन्याने आत चढता येतं आणि तिथून खरंच पत्र पोस्ट करता येतं, सांगलीला पाठवायचं असेल तर इंटरनॅशनल तिकीट आधीच घेऊन ठेवा. विंडचाइमची दोरी ओढायला मिळते, ती ओढाच, आवाज पोटात जाणवतो.

केसीहून कॅन्ससमधलं लूकस दोन दिवसांवर. इथे जरा सावध करतो. डिन्समूर नावाच्या एका म्हाताऱ्या माजी सैनिकाने १९०७ पासून आपल्या घराभोवती सिमेंटची 'गार्डन ऑफ ईडन' बांधली, आदम-ईव्ह, साप, देवदूत, शिवाय राजकारणावर टीका करणारे पुतळे, सगळं सिमेंटचं, आणि हे सगळं डोक्यावर उंच टांगलेलं. घर लांबून लाकडी ओंडक्यांचं वाटतं पण ते ओंडके म्हणजे चुनखडीचा दगड. इथपर्यंत ठीक. पण तो स्वतःही तिथेच आहे, कोपऱ्यातल्या समाधीत, काचेच्या झाकणाखाली, आणि गाइड तिथेही नेतात. एका काकूंनी आम्हाला यावरून चांगलंच सुनावलं होतं, ते बरोबरच होतं, तेव्हा आम्ही आधी सांगितलं नव्हतं. नको असेल तर बाहेर थांबा, कोणी काही म्हणत नाही. त्याच गावात २०१२ पासून एक सार्वजनिक संडास आहे, कमोडच्या आकाराचा, उघडं झाकण म्हणजे दर्शनी भिंत, सगळीकडे रंगीत काचांचं आणि मोडक्या वस्तूंचं मोझॅक. संडासासमोर उभं राहून फॅमिली फोटो काढायचा योग आयुष्यात परत येणार नाही.

आता सुतळी. लूकसपासून तासाभरावर कॉकर सिटी. १९५३ मध्ये फ्रँक स्टोबर नावाचा शेतकरी गवताच्या गठ्ठ्यांची सुटी सुतळी फेकून न देता गुंडाळत बसला आणि बसलाच. पुढे गोळा गावाला दिला, आणि १९७४ मध्ये तो गेल्यावर गाव तो गुंडाळतंय, दर ऑगस्टला त्याची जत्राच भरते. आज वजन ९ टनांच्या वर. मेन रोडच्या कडेला एका उघड्या मांडवाखाली ठेवलाय, तिकीट नाही, दार नाही, कुणीही हात लावा. जवळ गेलं की गोदामात पोत्यांच्या थप्पीला येतो तसला वास येतो. सांगून ठेवलं तर तुम्हालाही सुतळी देतात आणि तुम्ही गाठ मारून गोल फिरत फिरत ती गुंडाळायची. आमच्या एका शेतकरी काकांनी आधी अर्धा तास गाठी तपासल्या, म्हणाले ही पक्की, ही कच्ची, आणि मग आपली मारली. मिनेसोटातल्या डार्विन गावात असाच १७,४०० पौंडांचा गोळा आहे, तो एकट्या माणसाने २९ वर्षं गुंडाळलेला, त्यामुळे खरा मोठा कोणता यावरून दोन्ही गावांची ठसन आहे. आम्ही कॉकर सिटीच्या बाजूने.

नेब्रास्कातल्या अलायन्सला 'कारहेंज' आहे, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळासारखं, पण दगडांऐवजी ३९ जुन्या गाड्या, करड्या रंगात रंगवून उभ्या-आडव्या रचलेल्या. एका इंजिनिअरने १९८७ मध्ये घरच्यांना जमवून वडलांच्या स्मरणार्थ बांधलं. शक्यतो संध्याकाळी जा.

तिथून साउथ डकोटातलं वॉल. १९३१ मध्ये एका जोडप्याने तिथे औषधाचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक येईना, तर बायको म्हणाली हायवेवर पाट्या लावू, बर्फाचं पाणी फुकट. ते पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी ५ सेंटला. पाट्या शेकडो मैल आधीपासून दिसतात आणि गाडीतली पोरं त्या मोठ्याने वाचत बसतात. दुकान मात्र आता मॉल झालंय, आम्हाला विचाराल तर पाट्याच जास्त भारी. हायवेवरून गावात उतरायच्या एक्झिटचे नंबर मैलांवरून असतात, वॉलचा ११०, पुढच्या मिचेलचा ३३२, म्हणजे मिचेल २२२ मैल, आणि मधे टाइम झोन बदलतो, एक तास जातो, तो धरून निघा. मिचेलला 'कॉर्न पॅलेस' नावाची इमारत, बाहेरून रंगीबेरंगी मक्याच्या कणसांची चित्रं, बहुतेक वर्षी नवी, आणि थंडीत पक्षी ती खातात.

खाण्याचं स्पष्ट सांगतो, व्हेज मिळतं पण तेच तेच. ग्रिल्ड चीज, हॅश ब्राउन (किसलेला तळलेला बटाटा), पॅनकेक, 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ). फरसबीच्या भाजीत सुद्धा बेकन असू शकतं, विचारून घ्या. मेथांबा, चटणी, छोटा कुकर न्या, बऱ्याच मोटेलांचे मालक गुजराती निघतात, दोन शब्द हिंदीत बोललात तर कुकर कुठे लावायचा ते तेच सांगतील. चिलीबरोबर (म्हणजे मिरची नव्हे, बीन्सचा, बहुतेक वेळा मांस घातलेला, तिखट रस्सा) दालचिनीचा गोड रोल वाढला तर चूक समजू नका, तिकडे तसंच खातात.

पंपावर कार्ड लावलं की मशीन झिप कोड (इथला पिनकोड) मागतं, भारतातलं कार्ड असेल तर आत जाऊन पैसे भरा. गाव आलं की ६५ चा स्पीड बघता बघता २५ होतो आणि पोलीस तिथेच उभा असतो, ती पावती आमच्या पॅकेजमध्ये येत नाही. नकाशे आधीच डाउनलोड करा, पश्चिम नेब्रास्कात रेंज जाते.

ट्रिपा मे ते सप्टेंबर. बुकिंगसाठी फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा आम्ही दोघंही नोकरीवर असतो.