केळ्याचा कॉब्लर

पिकलेली केळी आणि मैद्याचे सरसरीत पीठ एकाच खोलगट भांड्यात भाजून केलेला, गरम असतानाच खायचा अमेरिकी गोड पदार्थ. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कॉब्लर घरोघरी होतो. पीच, ब्लॅकबेरी, सफरचंद ही त्याची जुनी फळे. केळे त्यांच्यात उशिरा आले आणि त्याचा स्वभावही वेगळा आहे.

१८५९ साली छापलेल्या एका अमेरिकी शब्दकोशात कॉब्लरचे वर्णन ‘जाड कणकेचे अस्तर लावलेल्या भांड्यात भाजलेला पाय (pie, कणकेच्या कवचात फळे घालून भाजलेला पदार्थ)’ अशा अर्थाचे आहे. फुगलेले खडबडीत कवच गोट्यांच्या (इंग्रजीत कॉबलस्टोन) फरसबंदीसारखे दिसते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पण ही व्युत्पत्ती पक्की नाही. भट्टी नसलेल्या घरांत तो झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यात होई. कोकणात धोंडस जसे खाली-वर निखारे ठेवून भाजत, तीच रीत.

केळे अमेरिकेत बाहेरून आले. १८७६ च्या फिलाडेल्फियातील प्रदर्शनात ते नवलाईचे फळ म्हणून चकचकीत वेष्टनात गुंडाळून दहा सेंटला एक असे विकले गेले. पुढे थंड ठेवणारी जहाजे आणि रेल्वे यांमुळे ते इतके स्वस्त झाले की फळीवर काळी पडत चाललेली केळी हा तिथल्या स्वयंपाकघरातला रोजचा प्रश्न बनला. कॉब्लर हे त्याचे एक उत्तर, जसे आपल्याकडे शिकरण. ‘ग्रो मिशेल’ हे जुने वाण पनामा या बुरशीजन्य रोगाने मागे पडले आणि १९६० च्या दशकापर्यंत कॅव्हेंडिश गटाने त्याची जागा घेतली. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही वाणे याच गटातली. त्यामुळे रावेर-यावलची केळी वापरून केलेला कॉब्लर मूळ चवीपासून फारसा दूर जात नाही.

खरा प्रश्न केळे किती पिकलेले असावे हा आहे. हिरव्या केळ्याच्या गरात सुमारे वीस टक्के पिष्ट असते. पिकताना त्यातले बहुतेक साखरेत बदलते. पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके आले पण काप अजून उभा राहतो, ती वेळ साधावी. साल पूर्ण काळी झाली की गराचा लगदा होतो. तो केळ्याच्या ब्रेडला चालतो, इथे नाही. पीचमध्ये जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते, केळ्यात पंचाहत्तरच्या आसपास. म्हणून पीचचा रस आटवून दाट करावा लागतो, तर केळ्याला पाक पुरवावा लागतो: थोड्या लोण्यात तपकिरी साखर विरघळवून काप त्यात घोळवतात. आंबटपणाही केळ्यात कमीच. पुष्कळ पाककृती लिंबू ‘आवडत असल्यास’ म्हणतात, पण लिंबाशिवाय हा पदार्थ नुसता गोडमिट्ट होतो. शिवाय लिंबाने कापांचे काळे पडणे लांबते.

दक्षिणेतली प्रचलित कृती एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध आणि अर्धा कप लोणी अशी. सत्यनारायणाच्या शिऱ्याला सगळे सव्वाच्या मापाने घेतात, तसेच हे तोंडपाठ माप. (त्या शिऱ्यातही केळे असतेच.) तिकडे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेला मैदा मिळतो, साध्या मैद्याला कपामागे दीड छोटा चमचा पावडर आणि चिमूटभर मीठ लागते.

लोणी भांड्यातच घालून भांडे भट्टीत ठेवतात. ते वितळून कडेला बुडबुडे आले की बाहेर काढून वर पीठ ओततात आणि पिठावर केळ्याचे जाडसर काप पसरतात. इथे ढवळायचे नाही. लोणी कडेने वर येऊन पिवळी तळी साचतात, नवख्याचा हात चमच्याकडे जातोच. पण ढवळले की उरतो तो साधा केक. सुमारे १८० अंश सेल्सियसला पावडरीतून सुटलेल्या वायूने पीठ फुगू लागते, जड काप खाली बसतात आणि पीठ त्यांच्या फटींतून वर चढून त्यांना झाकून टाकते. कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात, मध्य ओलसर राहतो. याला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. केकसारखी मधोमध सुरी टोचून काही कळत नाही, कारण ती केळ्याच्या पाकाने ओलीच निघते. कवच सगळीकडे तांबूस झाले आहे ना, ते पाहावे. काही जण वर ओट, तपकिरी साखर आणि पेकन या अक्रोडासारख्या फळाचा चुरा पसरतात, तेव्हा तो क्रिस्प नावाच्या सख्ख्या भावाकडे झुकतो.

भट्टीतून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पाक तेवढ्यात आळतो आणि जीभही वाचते. सोबत बहुधा व्हॅनिला आइस्क्रीम असते. उरलेला कॉब्लर दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीतच गरम करावा, मायक्रोवेव्हमध्ये कवच वातड होते.