भाडेपट्टा की लीव्ह अँड लायसन्स : भाडेकरू बसलेला गाळा विकत घेताना

लातूरच्या गंजगोलाईत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या निराला बाजारात भाडेकरूसह गाळा घेणारा बहुतेक वेळा आधी महिन्याचे भाडे विचारतो आणि करार नंतर चाळतो. जागा भाडेपट्ट्याने दिली आहे की लीव्ह अँड लायसन्सवर, हा प्रश्न सहसा निघतच नाही, कारण बोलताना आपण दोन्हींना ‘भाडेकरार’च म्हणतो.

कायद्यात मात्र फरक मुळाशीच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 105 नुसार भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे जातो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 नुसार लायसन्स ही केवळ वापराची परवानगी असते. त्यामुळे गाळा विकला तरी नवा मालक चालू पट्ट्याने बांधलेला राहतो, पण जुन्या मालकाने दिलेले लायसन्स कलम 59 प्रमाणे त्याच्यावर बंधनकारक नसते. ऐकायला हे खरेदीदाराच्या सोयीचे वाटते. परंतु ज्या भाड्याच्या भरवशावर त्याने किंमत मोजली, ते चालू राहावे म्हणून त्यालाच लायसन्सधारकाशी नवा करार करावा लागतो.

दस्ताच्या शीर्षकावर विसंबूनही चालत नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिलेल्या खोल्यांच्या दस्ताला लायसन्स म्हटलेले होते, तरीही 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला, कारण ताबा पूर्णपणे व्यावसायिकाकडे होता. म्हणून मी तरी शीर्षकाआधी किल्ली कोणाकडे असते आणि मालक आत कधी जाऊ शकतो, हे विचारीन.

भाडेकरू कोण आहे, यावरून तर कायदाच बदलतो. मराठवाड्यात पूर्वी 1954 चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला. तो जिथे लागू आहे तिथे पट्ट्यावरचा भाडेकरू ठरावीक कारणांशिवाय काढता येत नाही, आणि वार्षिक भाडेवाढीचा मालकाचा हक्क 4 टक्क्यांचा आहे. मात्र बँका, सार्वजनिक उपक्रम आणि 1 कोटी रुपये किंवा अधिक भरणा भागभांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल) असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा या संरक्षणाबाहेर आहेत. एकाच इमारतीत शेजारी असलेले कापडाचे जुने दुकान आणि बँकेची शाखा म्हणूनच एका मापाने तोलता येत नाहीत : पहिल्यात भाडे थोडे आणि भाडेकरू हलत नाही, तर दुसऱ्यात भाडे आणि मुदत दोन्ही कराराच्या शब्दांवर ठरतात.

11 महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी टळते, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. या अधिनियमाच्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

लातूरच्या कोचिंग क्लासला दिलेला हॉल घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. लॉक-इन, म्हणजे करार मध्येच न सोडण्याचा काळ, 3 वर्षांचा लिहिलेला असला तरी तो कोणावर बंधनकारक आहे, हे शब्दशः वाचावे. पुष्कळ करारांत तो फक्त मालकाला बांधतो, आणि प्रवेश घटले की क्लासचालक महिन्याची नोटीस देऊन मोकळा होतो.