क्रॅप्स: दोन फाशांचा हिशोब आणि टेबलाची शिस्त

क्रॅप्सच्या टेबलावर पैजांसाठी कितीतरी चौकटी छापलेल्या असतात, पण त्या टेबलावरची सर्वांत न्याय्य पैज बहुधा कुठेच छापलेली नसते. तिला चौकट नाही, पाटी नाही. ती आहे हे आधी माहीत असावे लागते आणि तिच्या चिप्स (पैशांच्या जागी वापरायचे बिल्ले) कुठे ठेवायच्या हेही. नवख्याने या खेळाचे दुसरे काहीही शिकण्याआधी ही पैज समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

लास व्हेगास असो की अटलांटिक सिटी, कॅसिनोत सर्वांत जास्त आरडाओरडा बहुतेक वेळा याच टेबलाभोवती असतो. न्यू जर्सीत मुलाकडे, भावाकडे गेलेली मराठी मंडळी अटलांटिक सिटीचा किनारा पाहायला जातात, कॅसिनोत डोकावतात आणि क्रॅप्सची गर्दी पाहून मागे फिरतात. (महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगीच नाही. १९७६ साली केलेला कॅसिनोचा कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला.) खेळ दिसायला अवघड आहे, पण दहावीच्या पुस्तकातला संभाव्यतेचा धडा ज्याला आठवतो, त्याला तो अर्ध्या तासात कळतो.

दोन फासे टाकले की ३६ जोड्या शक्य असतात. त्यांतल्या सहा जोड्यांची बेरीज ७ येते: १-६, २-५, ३-४ आणि त्यांच्या उलट्या. ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे पडतात, ५ आणि ९ चार प्रकारे, ४ आणि १० तीन प्रकारे, ३ आणि ११ दोन प्रकारे, तर २ आणि १२ एकाच प्रकारे. सात हे सर्वांत जास्त वेळा पडणारे दान, आणि सगळा खेळ त्याच्याभोवती रचलेला आहे.

फासे टाकणारा तो शूटर. त्याच्या पहिल्या फेकीला कम-आऊट म्हणतात. त्याआधी आपण आपल्यासमोरच्या ‘पास लाइन’ या पट्ट्यात चिप्स ठेवायच्या. ७ किंवा ११ पडले तर लगेच जिंकलो, जेवढे लावले तेवढेच वर मिळते. २, ३ किंवा १२ पडले तर लगेच हरलो. ४, ५, ६, ८, ९, १० यांपैकी काही पडले तर तो अंक ‘पॉइंट’ ठरतो आणि डीलर त्यावर ‘ऑन’ लिहिलेली चकती ठेवतो. आता शूटर फासे टाकतच राहतो आणि प्रश्न एकच उरतो: पॉइंट आधी पडतो की ७? पॉइंट पडला तर आपण जिंकलो. ७ पडले तर हरलो, आणि फासे पुढच्या खेळाडूकडे जातात.

आता हिशोब करू. १९८० डाव अगदी शक्यतेबरहुकूम पडले असे धरा. ही संख्या मुद्दाम घेतली आहे, म्हणजे अपूर्णांक येत नाहीत. पहिल्याच फेकीला ४४० वेळा आपण जिंकतो आणि २२० वेळा हरतो. उरलेल्या १३२० डावांत पॉइंट ठरतो. त्यांतले ३३० डाव ४ किंवा १० चे; तिथे पॉइंट तीन प्रकारे पडतो आणि ७ सहा प्रकारे, म्हणून ११० जिंकतो. ५ किंवा ९ चे डाव ४४०, त्यांतले १७६ जिंकतो. ६ किंवा ८ चे डाव ५५०, त्यांतले २५० जिंकतो. एकूण जिंकलेले ९७६, हरलेले १००४. फरक २८ डावांचा. २८ भागिले १९८० म्हणजे १.४१ टक्के. पास लाइनवर लावलेल्या दर १०० डॉलरमागे सरासरी १ डॉलर ४१ सेंट कॅसिनोकडे जातात ते असे. दोन शून्ये असलेल्या रूलेट चक्रावर हाच वाटा ५.२६ टक्के असतो.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले तर टेबलाचा एक नियम आपोआप उलगडतो. पहिल्या फेकीला पारडे आपल्या बाजूला झुकलेले असते, ४४० विरुद्ध २२०. पॉइंट ठरल्यावर ते पूर्ण उलटते, ५३६ विरुद्ध ७८४. म्हणून पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरची चिप उचलता येत नाही. नवख्याला हा नियम जाचक वाटतो, पण चांगला भाग उपभोगून वाईट भागाच्या आधी निघून जाण्याची मुभा दिली तर खेळाचा पायाच निखळेल. पॉइंट ठरल्यानंतर उशिरा येऊन पास लाइनवर पैसे ठेवू नयेत, त्याचेही कारण हेच: चांगला भाग तेव्हा होऊन गेलेला असतो.

याच्या उलट पैज ‘डोन्ट पास’. शूटर हरेल यावर ती लावतात. मग १००४ जिंकणार आणि ९७६ हरणार, म्हणजे कॅसिनोचेच नुकसान. त्यासाठी एक छोटी तजवीज केलेली आहे: पहिल्या फेकीला १२ पडले तर डोन्ट पासवाल्याला काही मिळत नाही, त्याची चिप तशीच राहते. १९८० डावांत १२ पडण्याचे प्रसंग ५५. तेवढे वजा केले की जिंकणे ९४९ वर येते, हरणे ९७६ वरच राहते, आणि कॅसिनोचा वाटा १.३६ टक्के होतो. एका दानाच्या नियमाने सगळी तुला फिरवलेली आहे. या खेळातली मला सर्वांत आवडणारी गणिती रचना हीच.

दोन्ही बाजूंनी पैज लावता येईल असे टेबल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणण्याचे श्रेय जॉन विन या अमेरिकन फासेकाराला दिले जाते. हॅझर्ड हा जुना इंग्रजी खेळ न्यू ऑर्लिन्समार्गे अमेरिकेत पसरला होता. बर्नार्ड द मारिनी या तिथल्या जमीनदाराने आपल्या जमिनीवर वसवलेल्या वस्तीतल्या एका रस्त्याला क्रॅप्सचेच नाव दिले होते. पण जोवर बँकेविरुद्ध, म्हणजे अड्डेवाल्याविरुद्ध, एकाच बाजूने पैज लावता येत होती, तोवर लबाड अड्डेवाल्याला वजन भरलेले फासे वापरून गिऱ्हाइकांना लुटणे सोपे होते. दोन्ही बाजू खुल्या झाल्यावर ते जमेना. फासे ७ कडे झुकलेले असतील तर चाणाक्ष खेळाडू सरळ डोन्ट पासवर जाईल. प्रामाणिकपणा इथे खेळाच्या रचनेतूनच आला, हे मला फार मोलाचे वाटते.

आता ती न छापलेली पैज. पॉइंट ठरला की आपल्या पास लाइनच्या चिपमागे, पट्ट्याच्या बाहेर, आणखी चिप्स ठेवता येतात. याला ऑड्स म्हणतात. पॉइंट ४ किंवा १० असेल तर हरण्याची शक्यता जिंकण्याच्या दुप्पट, आणि ऑड्सवर पैसेही बरोबर दुप्पट मिळतात. ५ आणि ९ ला दोनाला तीन, ६ आणि ८ ला पाचाला सहा. मोबदला शक्यतेशी तंतोतंत जुळतो, म्हणून कॅसिनोचा वाटा शून्य. बऱ्याच ठिकाणी ४ व १० वर मूळ पैजेच्या तिप्पट, ५ व ९ वर चौपट आणि ६ व ८ वर पाचपट ऑड्स चालतात. नेहमी पूर्ण ऑड्स घेतले तर एकूण लावलेल्या पैशांवरचा वाटा ०.३७ टक्क्यांवर येतो.

नवख्यासाठी म्हणून माझा सल्ला ठाम आहे: पास लाइनवर टेबलाची किमान रक्कम लावा, आणि जास्त लावायचेच असेल तर ते ऑड्समध्ये लावा. मात्र ऑड्सने सरासरी तोटा कमी होत नाही, तो तेवढाच राहतो, आणि चढउतार मात्र वाढतात. वर सांगितलेल्या पूर्ण ऑड्सने ते जवळपास पाचपट होतात. १५ डॉलरच्या टेबलावर ६ हा पॉइंट असताना पूर्ण ऑड्स घेतले तर ९० डॉलर टेबलावर असतात. ३०० डॉलर घेऊन आलेला माणूस अशा चार हारींत रिकामा होतो. त्यामुळे खिसा पाहून एकपट किंवा दुप्पटच घ्यावे. रक्कम ५ आणि ९ वर दोनाच्या पटीत आणि ६ आणि ८ वर पाचाच्या पटीत ठेवावी, नाहीतर सुट्या सेंटांचे नुकसान होते.

टेबलाच्या मधल्या भागात छापलेल्या पैजांबद्दल थोडक्यात. पुढच्याच फेकीला ७ येईल या पैजेवर कॅसिनोचा वाटा १६.६७ टक्के, २ किंवा १२ वर तीसपट देणाऱ्या पैजेवर १३.८९ टक्के, ४ किंवा १० जोडीनेच (२-२ किंवा ५-५) पडेल या पैजेवर ११.११ टक्के. बाजूच्या पैजांत ६ किंवा ८ वरची ‘प्लेस’ (निवडलेला अंक ७ च्या आधी पडेल ही पैज) तेवढी बरी आहे. ६ डॉलरला ७ मिळतात आणि वाटा १.५२ टक्के असतो. तासाला शंभर फेका होतात असे धरा. पास लाइनचा एक डाव संपायला सरासरी ३.४ फेका लागतात. म्हणजे १५ डॉलरने खेळणाऱ्याचा सरासरी तोटा तासाला साधारण सव्वासहा डॉलर. त्याच तासात प्रत्येक फेकीला ७ वर पाचच डॉलर लावणाऱ्याचा तोटा ८३ डॉलर. कमी रक्कम लावूनही तो तेरापटीहून अधिक किंमत मोजतो. क्रॅप्समध्ये डावपेच म्हणून जे काही खरोखर आहे, ते एवढेच: खेळाची किंमत निवडणे.

हरल्यावर पैज दुप्पट करत जाण्याची युक्ती प्रत्येक पिढीला नव्याने सुचते. १० डॉलरपासून सुरुवात केली तर सलग सात हारींत १२७० डॉलर जातात आणि आठवी पैज १२८० ची लागते. टेबलाची कमाल मर्यादा १००० असेल तर गाडी तिथेच थांबते. पास लाइनवर सलग सात हारी सरासरी ११६ पैकी एका मालिकेत येतात. उरलेल्या ११५ मालिकांत १० डॉलर मिळतात, त्यांची बेरीज ११५०. जमाखर्च मांडला की दर मालिकेमागे डॉलरभर तोटाच. ‘बराच वेळ ७ आले नाही, आता येणारच’ हा विचारही असाच फसवा आहे. फाशांना मागचे दान आठवत नाही, प्रत्येक फेकीला ७ ची शक्यता सहात एकच. शूटरच्या हाती फासे सरासरी साडेआठ फेकांपुरते राहतात. २००९ च्या मे महिन्यात अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका महिलेने १५४ फेका टाकल्या, तब्बल ४ तास १८ मिनिटे. त्याची शक्यता साधारण ५६० कोटींत एक एवढी निघते. आणि १५५ व्या फेकीआधी, समजा ती झालीच असती, तर ७ ची शक्यता तरीही सहात एकच असती.

टेबलाच्या रीतीभाती मी मुद्दाम शेवटी ठेवल्या, कारण वरचा हिशोब त्यांच्यावर उभा आहे. ३६ जोड्या सारख्याच शक्यतेच्या आहेत हे आपण गृहीत धरले, पण ते आपोआप घडत नाही. कॅसिनोचे फासे पारदर्शक असतात, म्हणजे आत वजन लपवता येत नाही. ठिपक्यांच्या खळग्यांत फाशाच्याच घनतेचे द्रव्य भरलेले असते, नाहीतर सहा ठिपक्यांची बाजू हलकी झाली असती. कडा धारदार असतात आणि अंगावर क्रमांक कोरलेला असतो. समोरच्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे असतात, आणि दोन्ही फासे तिथे आदळलेच पाहिजेत असा आग्रह असतो. हाताच्या वेगात किंवा कोनात राहिलेला बारीकसा फरक त्या उंचवट्यांवर प्रत्येक उसळीबरोबर वाढत जातो. म्हणून ‘मी सरावाने फासे वळवतो’ असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

फासे एकाच हाताने उचलायचे आणि टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नाहीत. दोन हात वापरले की हातचलाखीने फासे बदलता येतात, म्हणून तसे करताच स्टिकमन (काठीने फासे सरकवणारा कर्मचारी) टोकेल. तो वाईट वाटून घेण्याचा प्रसंग नाही. फेक फार उंच नको, टेबलाच्या मधोमध ढीगभर चिप्स असतात. फासा खाली पडला तर बॉक्समन (टेबलावर देखरेख करणारा कर्मचारी) तो उचलून, निरखूनच परत खेळात घेतो.

स्टिकमनने फासे शूटरकडे सरकवले की सगळ्यांनी हात कडेच्या बाहेर घ्यायचे. ही या टेबलाची पहिली शिस्त समजा. हाताला लागून ७ पडले तर शेजारचे सहज विसरत नाहीत. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत. दोन फेकींच्या मध्ये नोटा टेबलावर ठेवून ‘चिप्स हव्यात’ म्हणायचे, कारण वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक व्यवहार दिसावा लागतो. पास लाइन, ऑड्स आणि फील्डच्या (एकाच फेकीवरची एक पैज) चिप्स आपण स्वतः ठेवायच्या, प्लेसच्या पैजा मात्र चिप्स समोर ठेवून डीलरला सांगायच्या. पेयाचा ग्लास खालच्या फळीवर ठेवायचा, टेबलाच्या काठावर नाही.

चकती ऑन असताना ‘सेव्हन’ हा शब्द तोंडातून काढू नये. त्याने फाशांवर काही परिणाम होत नाही, पण दहा-बारा अनोळखी माणसे एकाच आशेने उभी असतात आणि त्यांच्या आनंदाचा मान ठेवणे मला योग्य वाटते. डोन्ट पासवर खेळत असाल तर जिंकल्यावर गप्प राहा, कारण त्याच क्षणी बाकीचे हरलेले असतात. फासे टाकायची पाळी आली आणि टाकायचे नसतील, तर मान हलवून पुढे जाऊ द्या, कोणी आग्रह करत नाही.

शिकायला सकाळची वेळ चांगली. गर्दी कमी असते, किमान रक्कमही बरेचदा कमी असते आणि डीलर समजावून सांगतात. निघताना बारक्या चिप्सचा ढीग खिशात कोंबू नये. एक डाव संपून दुसरा सुरू होण्याआधी तो टेबलावर ठेवून ‘कलर अप’ म्हणायचे, की डीलर मोठ्या किमतीच्या थोड्या चिप्स करून देतो. त्या रोखपालाच्या खिडकीवर वटवायच्या. डीलरना बक्षीस द्यायचे असेल तर एक चिप त्यांच्या नावाने पास लाइनवर ठेवण्याची पद्धत आहे. ती जिंकली तर दोन्ही चिप्स त्यांच्या.