बिनशिंगी चितळ म्हणजे मादीच?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-भीमगडच्या जंगलपट्ट्यात ‘शिंग नाही ती मादी’ असं शिकारीच्या काळापासून सांगतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, पण समज टिकला आणि प्राण्यांच्या नोंदी चुकू लागल्या. चितळ, सांबराच्या नराची शिंगं गळून पुन्हा उगवतात. कोवळ्या नराला तर ती फुटलेलीच नसतात. म्हणून दुर्बीण आधी कपाळावर धरा. कानांच्या पुढे, डोळ्यांच्या वर दोन उंचवटे दिसले तर तो नर. समोरून नीट दिसत नाहीत, मान वळेपर्यंत थांबा. प्रौढ मादीचं तोंड लांब, मान सडपातळ. पिलाचं तोंड आखूड. एकट्या जनावराच्या आकारावर मात्र कधीच विसंबू नका, तुलनेला शेजारी दुसरं नसतं. भेकराच्या मादीला शिंगांच्या जागी केसांचे झुपके असतात, तिथं तर हमखास फसगत होते.